मे महिन्यात ठरणारा घड

नाशिक,
२ मे

प्रिय दत्ता,

पत्र मिळालं. ४ एप्रिलला द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली काड्या घडवायची छाटणी, झाली, फुटी सारख्या निघाल्या, मांडव हिरवा दिसतोय, चांदवडच्या शेतातला कांदा काढून पडलाय. आणि शेवटी तू विचारलंस, की सगळं एवढं बरं दिसत असताना अण्णा रोज संध्याकाळी आभाळाकडे बघून का धास्तावतात.

अण्णांची धास्ती खरी आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्याने काय केलं ते उन्हाळ्यात दिसत नाही. येत्या फेब्रुवारीत वेलीवरून जो घड उतरेल तो आत्ता, मे महिन्यात, काडीच्या डोळ्यात घडतो. दसरा-दिवाळीला साठवणीच्या चाळीतून जो कांदा निघेल त्याचं टिकणं एप्रिल-मेमध्ये मान वाळताना ठरतं. म्हणून बाग हिरवी आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस.

आधी द्राक्षाचं. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवस हा घडनिर्मितीचा काळ. तुझ्या तारखेने तो १४ मे ते ३ जून येतो. या वीस दिवसांत डोळ्याच्या आत जो अंकुर तयार होतो त्याचा घडही होऊ शकतो आणि बाळीही, म्हणजे नुसता पीळदार तंतू. ऊन भरपूर, काडीत अन्न साठलेलं आणि शेंड्याची धाव थांबलेली असेल तर घड. आभाळ भरलेलं, पाणी मुबलक, युरिया जास्त आणि शेंडा पळत असेल तर बाळी, नाहीतर मधलाच गोळी घड, जो ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर निघतो आणि जिरून जातो. बाहेरून दोन्ही काड्या सारख्याच दिसतात.

म्हणून छाटणीची तारीख महत्त्वाची. ज्याने १ मेला खरड केली त्याचा तोच काळ १० ते ३० जूनला येतो, म्हणजे मृग लागल्यावर. मान्सून मुंबईत पोचायची सरासरी तारीख ११ जून, मागोमाग तो घाट चढून येतो. ढगाखाली घडनिर्मिती करायची वेळ त्याच्यावर येते. तू वेळेत छाटलंस. पण तेवढ्याने निश्चिंत राहू नकोस. २०२५ साली मेमध्येच पावसाने मुक्काम ठोकला आणि २६ मेला मान्सून मुंबईत दाखल झाला. वेळेत छाटलेल्या बागांनाही त्या वर्षी ऐन घडनिर्मितीत ऊन मिळालं नाही.

आता काय करायचं ते. सात पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे काडीतूनच पुढची काडी, केली असशीलच. नसेल तर या आठवड्यात कर, पुढे उशीर होईल. बगलफूट निघाली की तिलाही पाच पानांवर थांबव. पुढे घड बहुतेक शेंडा मारल्या जागच्या गाठीजवळच्या डोळ्यांत सापडतात, म्हणून गाठीपाशी ऊन पोचणं सगळ्यांत गरजेचं. ९ बाय ५ फुटांच्या बागेत वेलीला ३५-४० काड्या पुरेत. जास्तीच्या काढताना हात आखडू नकोस. विरळणी बरोबर झाली का हे बघायला दुपारी बाराला मांडवाखाली उभा राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे विखुरलेले दिसले पाहिजेत. अंधारी, सलग सावली असेल तर आतले डोळे उपाशी आहेत असं समज.

पाण्यावर जरा जास्त लिहितो, कारण चूक नेमकी इथेच होते. छाटणीपासून चाळीस दिवसांपर्यंत दर मिलिमीटर बाष्पीभवनामागे हेक्टरी ४,२०० लिटर पाणी धरतात. सध्या कडक उन्हात दिवसाचं बाष्पीभवन १० मिलिमीटरच्या आसपास जातं. म्हणजे हेक्टरी ४२,००० लिटर, एकरी १७,००० लिटर. ९ बाय ५ वर एकरात ९६८ वेली बसतात, तेव्हा वेलीला साडेसतरा लिटर. वेलीला ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर सव्वादोन तास. घडनिर्मिती सुरू झाली की हाच आकडा हेक्टरी १,४०० वर, म्हणजे एक तृतीयांशावर येतो. तेवढ्याच उन्हात वेलीला सहा लिटर, पाऊण तास. मे महिना तापलेला असतो, पानं मलूल दिसतात, आपला जीव कळवळतो आणि व्हॉल्व्ह तासभर जास्त फिरतो. नेमका तोच तास शेंडा पळवतो. दुपारी दोनला शेंडा मान टाकून संध्याकाळी सहाला उभा राहत असेल तर ताण योग्य आहे. सकाळी सातलाही पडलेलाच असेल तर ताण जास्त झालाय, थोडं वाढव. तुझ्या वरच्या मुरमाड तुकड्यात तेच पाणी दोन हप्त्यांत दे, एकदम दिलं तर मुळाखाली निघून जाईल.

१४ मेपासून नत्र बंद, स्फुरदावर भर, पुढे काडी पिकायला लागली की पालाश. ६-बीए हे घडनिर्मितीचं संजीवक द्यायचं तर १० पीपीएम, म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम. ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावं लागतं, थेट पाण्यात टाकलं तर तळाशी बसतं. ही फवारणी उन्हाला मदत करते, उन्हाची जागा घेत नाही. आणि कुणी शेंडा रोखायला सीसीसी मारायला सांगितलं तर निर्यातीचा विचार आधी कर. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं याच रसायनाच्या अंशापायी अडकली होती. हाताने शेंडा मारणं मजुरीला महाग पडतं, पण त्याचा अंश राहत नाही.

वळीव झालाच तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कोवळ्या फुटी बघ. करपा कोवळ्या काडीवर आणि पानावर बारीक काळपट ठिपक्यांनी सुरू होतो, ऊन पडलं की तिथे भोकं पडतात. रोगट शेंडे खुडून बागेबाहेर ने, मांडवाखाली टाकू नकोस. दाट मांडव उशिरा वाळतो, म्हणून विरळणी इथेही कामी येते.

पुढच्या वर्षासाठी एक टिपून ठेव. छाटणी झाल्या झाल्या ओलांडे, म्हणजे मांडवावरचे आडवे मुख्य फाटे, उघडे पडतात आणि चाळीसच्या उन्हात सालीला चटका बसतो. मग फूट मागेपुढे निघते, मधे गाळे पडतात. फुटी दिसेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा ओलांड्यांवर नुसतं पाणी फवारलं तरी फूट बरीच सारखी येते.

आता कांदा, कारण तो तुझ्याकडे आज उघड्यावर आहे.

निम्म्या माना पडल्यावर काढलास आणि त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडलंस, हे चांगलं केलंस. शेतात तीन ते पाच दिवस ठेवताना पहिल्या ओळीच्या कांद्यावर दुसऱ्या ओळीची पात येईल असा घाल. उघडा कांदा या उन्हात वरच्या बाजूने पांढुरका पडतो आणि भाजतो. तो डाग वरवरचा वाटतो, पण खालचं मांस मऊ पडलेलं असतं आणि जुलैत सड तिथूनच निघते. मग अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर मान ठेवून पात काप. अगदी कांद्याला लागून कापशील तर काजळी आणि सडीला दार उघडं राहतं. कापल्यावर दहा-बारा दिवस सावलीत पातळ ढीग घालून सुकव. घाई होते ती इथेच, कारण आभाळ आलं की जो तो चाळ भरायला धावतो.

भरण्याआधी ढिगातले वीस-पंचवीस कांदे उचलून प्रत्येकाची मान अंगठा आणि बोटात धरून फिरव. कागदासारखी चुरचुरली की वाळली. आतून काही निसटतंय, ओलसर लागतंय असं वाटलं तर आणखी दोन-तीन दिवस थांब. जाड मानेचे कांदे वेगळे काढ. लागवडीला साठ दिवस झाल्यावरही युरिया पडला की मान जाड राहते आणि कितीही ऊन दे, ती आतून वाळत नाही. जोडकांदा, डेंगळा (फुलदांडा आलेला कांदा) आणि जाड मान आत्ताच बाजारात ने, भाव काहीही असो. चाळीत हेच आधी सडतात आणि शेजारच्याला घेऊन जातात. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, तीही वेगळी ठेव. मोठ्या कांद्यांच्या फटीत ती बसली की हवा खेळत नाही.

तुझी चाळ दोन पाखी, म्हणजे कप्प्यांच्या दोन ओळींची आहे, ती पूर्व-पश्चिम असावी. एक पाखी असती तर दक्षिण-उत्तर. तळाखाली दोन फूट मोकळी जागा, कप्प्याची रुंदी चार फूट, कांद्याची उंची पाच फुटांवर नको. अण्णांच्या चाळीत मागे सहा-साडेसहा फूट भरायचे. वरच्या दीड फुटात जेवढा माल मावतो त्याहून जास्त खालचा दबून जातो. पत्रा तापतो, त्यावर उसाचं पाचट घाल आणि दोरीने बांध.

कांद्याची चाळीतली घट तीन तऱ्हांची असते आणि तिन्ही हवामानावर चालतात. मेमध्ये कोरड्या उन्हाने वजन उडतं, ते थोडंफार सोसावंच लागतं. जून-जुलैमध्ये उष्मा अजून असतो आणि दमटपणा वाढतो, तेव्हा सड आणि काळी बुरशी. सप्टेंबरपासून रात्री गार होऊ लागल्या की मोड. २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता कांद्याला मानवते, पण आपल्या पावसाळ्यात ती आर्द्रता राहत नाही. म्हणून बाजूचं शेडनेट पाऊस येताना सोड आणि उघडीप मिळाली की लगेच वर कर. आठवडाभर बंद ठेवलेली चाळ आतून वाफाळते. पावसाळ्यात रोज संध्याकाळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहून वास घे. आंबूस वास येईल त्या कप्प्यातला माल दुसऱ्या दिवशी उपसायचा, पुढच्या बाजाराची वाट बघायची नाही.

चार-पाच महिन्यांत सगळी घट मिळून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शंभर क्विंटल भरलेस तर साठ-सत्तर निघतील असं धरून भावाचं गणित मांड. माझ्या मते निम्मा माल, तोही एक नंबर सुकलेला, तेवढाच ठेव. सगळा ठेवायचा हट्ट नको. आणि भिजलेला कांदा एकही चाळीत जाऊ देऊ नकोस, वाळवून परत भरू असंही नाही. पावसात सापडला तर विकून मोकळा हो.

बाकीच्या पिकांचं थोडक्यात. टोमॅटो या महिन्यात लावायचा म्हणतोस, तर रोपं संध्याकाळी लाव आणि जमिनीवर अंथरलेल्या मल्चिंग कागदाचं भोक मोठं घे. तापलेल्या कागदाची कड खोडाला लागली की खोड तिथेच करकोचतं आणि रोप आडवं होतं. दिवसा ३५-३६ च्या वर आणि रात्र २४-२५ च्या वर राहिली तर परागकण पोसत नाहीत, फुलं गळतात. त्यावर टॉनिक मारून पैसे घालवू नकोस. रात्र उतरली की फळ धरतं. रोपवाटिकेत पांढरी माशी शिरू देऊ नकोस, पानं मुरडायचा विषाणू तीच आणते आणि त्यावर औषध नाही.

सटाण्याच्या मामांची डाळिंबं आंबे बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला फुललेली आहेत. तिकडे आणि मालेगावकडे पारा आपल्यापेक्षा दोन-चार अंशांनी चढा असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, मालेगाव बरंच खाली. झाडाच्या पश्चिम बाजूची फळं दुपारनंतर भाजतात. केओलिन, म्हणजे पांढरी माती, लिटरला ५० ग्रॅम मारावं किंवा फळांना कागद लावावा. पाणी मात्र रोज सारखं. चार दिवस तोडून एकदम सोडलं की फळ तडकतं. वळीव झाला तर तेल्या रोगासाठी पानं उन्हाकडे धरून बघायला सांग, डाग पाणी लागल्यासारखा दिसतो.

मक्याची नांगरट मेमध्येच उरकून ढेकळं तापू दे, लष्करी अळीचे कोष उन्हाने आणि पाखरांनी मरतात. पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन वितीभर ओली झाल्यावरच. रोहिणीच्या एका सरीवर पेरलं की दुबार पेरणी ठरलेली.

एक वही कर. रोजचं कमाल-किमान तापमान, बाष्पीभवन आणि आभाळ किती तास होतं, एवढे चार रकाने पुरेत. १९ मेच्या सुमारास, छाटणीला ४५ दिवस होतील तेव्हा, तळापासून पाचव्या पानाचे देठ बागेत फिरून गोळा कर, शंभरेक तरी, आणि पानदेठ परीक्षणाला दे. पान लगेच तोडून टाकायचं, देठ तेवढा कागदी पिशवीत. सप्टेंबरमध्ये काड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेऊ, घड कितव्या डोळ्यात आहे ते कळल्याशिवाय ऑक्टोबरची कात्री लावू नकोस. तेव्हा ही वही शेजारी ठेवायला लागेल.

आज संध्याकाळी पश्चिमेला ढग दिसतायत. पत्र मिळेपर्यंत कांदा शेतातच असेल तर आधी ताडपत्रीखाली घे. बाजूने वारा जाईल अशी टाक, चारी कडा मातीने दाबू नकोस.

अण्णांना नमस्कार, वहिनींना सांग लोणच्याच्या कैऱ्या पोचल्या.

तुझा,
विलास