पेनल्टीची गोष्ट कादिझची

वेंगुर्ले
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय नंदू,

मंडळात जुंपलीय हे तुझ्या कानावर आलंच असेल. कारण तेच, आपल्या फुटबॉलची गेल्या सालची सेमीफायनल. गोव्याकडची पोरं आणि आपली पोरं १-१, मळ्यात काळोख पडलेला, दिव्यांची सोय नाही. मग टॉस उडवला आणि आपण बाहेर. यंदा मी म्हटलं, बरोबरी झाली तर पाच-पाच पेनल्टी घ्या, म्हणजे ठिपक्यावरून एकेकाने मारायचं, समोर फक्त गोली. त्यावर आपल्या अण्णांचं ठरलेलं उत्तर: ‘मैत्रीची स्पर्धा ती, तिका पेनल्टी कित्याक व्हयी? तुका काय कळता?’

आता गंमत अशी, की ही पेनल्टीची पद्धत नावारूपाला आली ती एका मैत्रीच्याच स्पर्धेत. अण्णांना सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहितोय.

स्पेनच्या दक्षिणेला कादिझ नावाचं बंदर आहे. जवळजवळ चहूबाजूंनी समुद्र, मासळी खाणारी माणसं, म्हणजे आपल्याच जातकुळीतलं गाव. तिथे १९५५ साली नवं स्टेडियम झालं आणि त्याच वर्षी रामोन दे कारांझा चषक सुरू झाला. पहिल्या वर्षी एकच सामना, सेव्हिया विरुद्ध पोर्तुगालचा एक क्लब. पुढे चार संघ येऊ लागले. ऑगस्टमध्ये, लीग सुरू व्हायच्या आधी. रेआल माद्रिद, बार्सिलोना, बेनफिका तर यायचेच, पण ब्राझीलहून पाल्मेरास, फ्लामेंगो, वास्को द गामा असे संघ समुद्र ओलांडून यायचे. वास्कोने १९८७ ते १९८९ सलग तीनदा चषक नेला. पॉइंट नाहीत, लीगमधली जागा वरखाली होत नाही, तरी यायचे. फायनलच्या रात्री गावातली माणसं किनाऱ्यावर शेगड्या पेटवून भाजत, खात बसायची. पुढे नगरपालिकेने ते बंद केलं. किनाऱ्यावर कचरा होतो म्हणे! नगरपालिका सगळीकडच्या सारख्याच.

तर १९६२ ची फायनल. बार्सिलोना आणि सारागोसा, १-१. पूर्वी अशा वेळी सामना पुन्हा खेळवायचे, नाहीतर नाणं उडवायचे. पण पाहुणे संघ घरी जाणार, पुन्हा खेळवणार कधी? तिथल्या राफाएल बायेस्तेर नावाच्या पत्रकाराने सुचवलं होतं, पेनल्टी मारू द्या. आजच्यासारखी आलटूनपालटून नव्हे हां. एका संघाने आपल्या पाचही सलग मारायच्या, मग दुसऱ्याने. बार्सिलोना जिंकलं. मोठ्या स्पर्धेत असला प्रयोग करायचा म्हणजे छाती लागते. इथे फसला असता तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

मोठ्यांना शहाणपण सुचायला आणखी आठ वर्षं गेली. मधल्या काळात काय झालं बघ. १९६८ च्या युरो कपची सेमीफायनल, नेपल्सला, इटली आणि सोव्हिएत संघ ०-०. जादा वेळ संपला, नाणं उडवलं, इटली फायनलमध्ये. आणि तीच इटली पुढे युरोप विजेती! आपल्या गेल्या सालच्या सेमीफायनलचं दुःख त्या रशियन पोरांनाच कळेल.

१९७० च्या जूनमध्ये नियम करणाऱ्या मंडळाने पेनल्टीला मान्यता दिली आणि इंग्लंडमध्ये पहिला मान कुणाला? पुन्हा सीझनआधीच्याच एका स्पर्धेला, वॉटनी कपला. ऑगस्टमध्ये हल सिटी आणि मँचेस्टर युनायटेड १-१. पहिली पेनल्टी युनायटेडच्या जॉर्ज बेस्टने मारली, गोल. त्यांच्याच डेनिस लॉची हलचा गोली मॅकेक्नीने अडवली. मग हा बहाद्दर स्वतःच मारायला पुढे आला आणि चेंडू क्रॉसबारला लागून वर गेला. युनायटेड जिंकलं. अडवणाराही तोच, घालवणाराही तोच. मला त्या सामन्यातला हाच माणूस सगळ्यात आवडतो.

अलीकडे अमेरिकेत इंटरनॅशनल चॅम्पियन्स कप निघाला होता, २०१३ पासून. २०१४ मध्ये मिशिगनला युनायटेड आणि रेआल माद्रिद बघायला १,०९,३१८ माणसं आली. आपल्या फुटबॉलचा, म्हणजे ते ज्याला सॉकर म्हणतात त्याचा, अमेरिकेतला तो विक्रम. पण पुरुषांची ती स्पर्धा २०१९ नंतर काही झाली नाही. मला विचारशील तर तो तिकिटांचा धंदा होता. शिकागो झालं, मायामी झालं, सिंगापूर झालं. हा चषक आमचा म्हणणारं एकही गाव नाही. कादिझकर आपल्या स्टेडियमच्या नावावरूनसुद्धा भांडले. कारांझा हा हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूचा महापौर, म्हणून २०२१ मध्ये त्याचं नाव काढून नुएव्हो मिरान्दिया ठेवलं. आपलं असलं तरच माणूस भांडतो.

तेव्हा यंदा मी हटणार नाही. अकरा मीटरवर फक्कीने ठिपका मारायचा, काळोख व्हायच्या आत पाच-पाच. मळ्यातलं भात कापून झालंय, पण तो खालचा कोपरा अजून ओला आहे, त्यामुळे ठिपका वरच्या बाजूच्या गोलपुढेच. त्यात आपल्या गोलीला मावळतीचं ऊन डोळ्यांत येणार, ते गोव्याच्या गोलीलाही येणारच, म्हणून टॉस हवाच असेल तर पहिली कुणी मारायची यासाठी उडवा. अण्णांना एवढं तरी पटेल.

गोलची जाळी पार फाटलीय. बंदरावरून ट्रॉलरचं जुनं जाळं मिळतंय, पण त्याची भोकं बारीक आणि वजन इतकं, की बांबू वाकतो. तू मुंबईहून येताना बरं, हलकं एक जाळं घेऊन ये. पैसे मंडळ देईल, म्हणजे मीच देईन. आणि मीटिंग रविवारी आहे, त्याआधी अण्णांना फोन कर. तुझं ते ऐकतात.

तुझा,
बाबल