नागपूरच्या लॉ कॉलेज चौकातल्या त्या मुलीस

प्रिय ताई,

तुझं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण माझ्या आईसाठी तू जे केलंस ते चार लोकांना कळावं असं फार वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

बाबा गेले आणि तेरवी होते न होते तोच हक्कसोडपत्राचा, म्हणजे आईने आपला वाटा सोडून देण्याच्या कागदाचा, विषय निघाला. काटोलकडची संत्र्याची बाग. 'बाईमाणसाला सातबाऱ्याची भानगड कशाला?' असं नातेवाईक म्हणाले, ते एक वेळ सोडून देऊ. पण आम्ही फी मोजलेल्या वकिलानेही कागद आईपुढे सरकवून 'घरचीच माणसं आहेत, करून टाका सही' म्हणावं? जो तो माझ्याशी नाहीतर भावाशी बोलायचा. सही जिची हवी, तिच्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हतं.

मग तू कायदा शिकतेस त्या कॉलेजात आम्ही आईला घेऊन आलो. तू आम्हा दोघा भावंडांना बाहेर बसायला सांगितलंस. 'काकूंशी बोलायचंय, त्यांच्याशीच.' दार अर्धं उघडं होतं, म्हणून दिसलं. तू खुर्ची तिच्या शेजारी ओढलीस आणि एकेका ओळीखाली बोट ठेवून कागद वाचत गेलीस. आई म्हणाली, 'मले वाचता येते, पण हे समजत नाही जी.' तू म्हणालीस, 'काकू, ते लिहिलंच तसं आहे.' आणि मग विचारलंस, 'तुम्हाला काय पाहिजे?' बाबा गेल्यापासून हा प्रश्न तिला कुणीच, आम्हीही, विचारला नव्हता. आई आधी गप्प बसली आणि नंतर बोलतच राहिली.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने नवऱ्यामागे बायको मुलांच्या बरोबरीची वारस आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. एवढं सांगायला वकिलीची सनद लागत नाही. तुझ्याकडे ती अजून नाहीच, ज्यांच्याकडे होती त्यांनी मात्र सांगितलं नाही.

तुझं कॉलेज विद्यापीठाचं, १९२५ पासूनचं, आज बाबासाहेबांच्या नावाचं. पुढे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला १९३५ नंतर काही वर्षं तिथे शिकवत. अख्ख्या चौकाला त्या कॉलेजचं नाव पडलंय, पण आमच्यासारख्यांना आत जाता येतं हे माहीतच नव्हतं. सरकारी विद्यापीठांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला आता त्यांचं बोलणं ऐकवत नाही. गावखेड्यातल्या पोरी तिथे कायदा शिकतात आणि दुसऱ्याच्या आईला माणसासारखं वागवतात. याहून चांगलं शिक्षण मला तरी माहीत नाही.

आईने सही केली नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलबाई चांगल्या आहेत, फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावर आईचं नाव चढवायचं, काम सुरू आहे. आंबिया बहार उतरला की संत्री घेऊन आई स्वतः येणार आहे. नको म्हणू नकोस, ती ऐकायची नाही.

तुझी,
काटोलची ताई