कोकणच्या पावसाचा लगाम सोमालियापाशी

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की ‘समुद्र तापला, पाऊस वाढणार’ आणि ‘अल निनो (प्रशांत महासागराचे तापणे) आला, दुष्काळ पडणार’ अशा बातम्या सुरू होतात. वारा समुद्राचे काय करतो, हे मात्र त्यांत नसते.

जूनपासून नैर्ऋत्य वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. हिवाळ्यात दक्षिणेकडे जाणारा सोमाली प्रवाह आता उत्तरेकडे धावतो, सेकंदाला 2 मीटरहूनही वेगाने. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकते आणि खालचे थंड पाणी वर येते. जुलैत तिथले तापमान काही ठिकाणी 20 अंशांपर्यंत उतरते. कोकणासमोर ते 28 च्या आसपास असते. थंड पाण्यावर बाष्पीभवन घटते. हवा स्थिरावते, वरचा जोरकस वारा खाली पोचत नाही आणि पाण्यालगतचा वारा मंदावतो. वाऱ्याने स्वतःच वर आणलेले पाणी त्यालाच लगाम घालते! उन्हाळ्याच्या अखेरीस हे पाणी कमी वर आले, तर पश्चिम अरबी समुद्र उबदार राहतो, वारा जास्त बाष्प उचलतो आणि पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढतो.

म्हणून समुद्र तापला, एवढे सांगून भागत नाही. कुठे आणि कोणत्या महिन्यात, हे सांगायला हवे. उबदार थराची जाडीही हवी. उपग्रहाला फक्त पृष्ठभाग दिसतो. थर पातळ असेल, तर जोराचा वारा पाणी ढवळून ते लगेच थंड करतो. 2000 मीटर खोल जाऊन साधारण दर 10 दिवसांनी वर येणारे आर्गो तरंगक (स्वयंचलित उपकरणे) ही जाडी मोजतात.

1997 मध्ये अल निनो तीव्र होता, तरी देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला. हिंदी महासागराची पश्चिम बाजू उबदार आणि सुमात्राजवळची थंड, या द्विध्रुवाचा त्यात मोठा हात मानला जातो. पण तीही हमी नव्हे: 2023 मध्ये द्विध्रुव अनुकूल होऊ लागला असतानाच ऑगस्ट महिना 1901 नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे सागरी माहिती केंद्र समुद्राच्या तापमानाचे नकाशे देते. मे-जूनमध्ये अल निनोच्या आकड्याशेजारी सोमालियाजवळचे तापमान आणि द्विध्रुवाचा आकडाही छापावा, ही कळकळीची विनंती.

– सागरविज्ञानाचे काही अभ्यासक, पणजी