बाई, तुम्हाला माहीत होतं

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

तुमचा शेवेचा डबा वर्षभर माझ्याकडेच पडून आहे. झाकणावर नेलपॉलिशने तुमची आद्याक्षरं घातलेला, बुडाशी जरा चेपलेला. रिकामा डबा परत पाठवायचा नाही ही आईची शिकवण, आणि त्यात काय घालून पाठवावं ते मला वर्षभर सुचलं नाही. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे, बिल वाढतंय" म्हणून ठेवून देता. बिल वाढत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. तुम्हाला विचारलं तेव्हा म्हणालात, "नावं सोड, बाकी काय हवं ते लिही." आईलाही विचारलं. ती म्हणाली, "दाताचंही लिही."

वाचणाऱ्यांना आमच्या नगरचा नाताळ माहीत नसेल. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 मध्ये आलं, त्यामुळे आमच्यातली कितीतरी घरं पाच-सहा पिढ्यांची ख्रिस्ती. पण डिसेंबर लागला की कढई दिवाळीसारखीच चढते. करंज्या, शेव, चकल्या, अनारसे. रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत नंबर लावायचा आणि नानकटाईचे पत्रे भट्टीतून निघेपर्यंत भिंतीला टेकून बसायचं. दारावर कागदाचा तारा. आणि 24 च्या रात्री घरोघर कॅरल. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती गीतं अभंग-ओवीच्या वळणावर नेली, त्यामुळे गिटार कितीही आल्या तरी आमच्या गाण्यांना ढोलकी-टाळच शोभतात, असं माझं मत आहे. अर्थात, मी ढोलकीवाल्याची मुलगी.

पपांसारखी ढोलकी नगरात कुणाची नाही, असं सगळे म्हणायचे. ते खोटं नव्हतं. निघायच्या आधी ते अंगणात शेकोटी पेटवायचे. दवाने ढोलकीचं कातडी पान सैल पडलेलं असायचं. ढोलकी जाळापासून हातभर लांब धरून सावकाश फिरवायचे, कानाशी नेऊन शाईवर एकच टिचकी मारायचे, मग कड्या सरकवायचे, पुन्हा टिचकी. डोळे मिटलेले. मी शेजारी उकिडवी बसून बघायची. त्या पंधरा मिनिटांत मला त्यांची भीती वाटायची नाही. वर्षातली तेवढीच पंधरा मिनिटं.

कॅरलच्या ग्रुपमध्ये प्यायला बंदी होती. पण स्वेटरच्या आत काय आहे, ते कोण तपासणार?

1996 ची रात्र, बाई. मी अकरा वर्षांची होते. संध्याकाळी काहीतरी बिनसलं. करंज्या करपल्या की पपांनी पैसे मागितले, ते आता मलाही आठवत नाही आणि आईलाही नाही. मग पपा ढोलकी गळ्यात अडकवून निघून गेले. रात्री दोनच्या सुमाराला ग्रुप फिरत फिरत आमच्याच दारात आला आणि पपा आमच्याच अंगणात, पाहुण्यासारखे, वाजवायला उभे राहिले. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पदर दातात धरल्यासारखा तोंडावर. कप द्यायला एक हात सोडला तेव्हा पदर सरकला. तुमच्या एका हातात गाण्यांची वही होती, दुसऱ्यात टॉर्च. झोत क्षणभर आईच्या तोंडावर पडला. सुजलेला ओठ, आणि पुढचा एक दात जागेवर नाही. तुम्ही झोत खाली वहीवर आणलात आणि पुढच्या गाण्याची पहिली ओळ उचललीत. सगळ्यांनी तुमच्यामागून धरली. ढोलकीनेही.

मला वाटलं, तुम्हाला दिसलं नसेल. तसं वाटून घेणं सोपं होतं. रविवारी तुम्हीच मला संडे स्कूलमध्ये पाठांतराचं बक्षीस देणार होतात.

पपा गेले 19 डिसेंबर 2021 ला, नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या चौथ्या रविवारी. जलोदर, मग रक्ताच्या उलट्या. मी नर्स, रिपोर्टात सगळं आधीच वाचलेलं. दारू हा आजार आहे असं परीक्षेत लिहून मी मार्कही मिळवले होते. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, नगरहून एसटीने तीन-साडेतीन तास. पण तिथे न्यायचं तर आधी चारचौघांत कबूल करायला हवं होतं, आणि आमच्या घरात पपा "पीत नव्हते".

माती दिल्यावर घरी माणसं जमली. किती हसतमुख, किती सेवाभावी, प्रभूने त्यांच्या हाताला काय ताल दिला होता. "नाताळात बोलावणं आलं, भाग्यवान," असं एक काकू म्हणाल्या. मी मोरीत कप विसळत होते. रडू येत नव्हतं, आणि ते येत नाही म्हणून लोक माझ्याकडे कसे बघतात तेही कळत होतं. ज्यांच्यासाठी रडायचं ते पपा चर्चच्या मंडळीचे होते. माझे पपा त्या साक्षींमध्ये कुठेच नव्हते.

पुढची दोन वर्षं मी 24 ची रात्रपाळी आणि 25 चा दिवस, दोन्ही मागून घेतल्या. वॉर्डात सगळ्या म्हणायच्या, "सिस्टर, तुमचा सण आणि तुम्हीच ड्यूटीला? किती मोठं मन!" मन कसलं मोठं. पंधरा डिसेंबर उलटला की माझ्या पोटात गोळा यायचा, झोप उडायची, वॉर्डातल्या झाडावर कापसाचा बर्फ लावताना स्पिरिटचा वास आला तरी हात गार पडायचे. तारीख विसरली तरी शरीर विसरत नाही, हे मी पेशंटच्या नातेवाइकांना अनेकदा समजावलं आहे. स्वतःला मात्र मी ॲसिडिटीची गोळी देत होते. आणि नगरला आई एकटी, तारा न लावलेल्या घरात.

मग 2024 चा 21 डिसेंबर, शनिवार. दुपारी बेल वाजली आणि दारात तुम्ही. शहात्तर वर्षांच्या, हातात पिशवी, पिशवीत हा डबा. मी घाबरलेच, आईला काही झालं का! तुम्ही चप्पल काढत म्हणालात, "काही झालेलं नाही. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, मग यायला काय जातं?"

मला वाटलं, आता प्रार्थना होईल. मी डोक्यावर ओढणीसुद्धा घेतली. तुम्ही पाणी प्यालात, पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "तुझ्या आईचा दात त्या रात्री पडला होता ना? मला दिसलं होतं. मी पुढचं गाणं सुरू केलं."

बाई, त्या क्षणी मला बरं वाटलं नाही. कृतज्ञता वगैरे तर मुळीच नाही. मला इतका राग आला की तुम्हाला बाहेर काढावंसं वाटलं. मी म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांनी सांगून आता काय उपयोग?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुला उपयोग व्हावा म्हणून नाही आले. मला झोप येत नाही. तुझी माफी मागायची होती, ती मागते. तू द्यायलाच हवी असं काही नाही."

मग मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. चहा दोनदा गार झाला. बेल्टचं सांगितलं, आईचे विकलेले कानातले सांगितले, आणि त्या पंधरा मिनिटांच्या शेकोटीचंही. ते सांगताना मात्र रडू फुटलं. इतकी वर्षं न आलेलं, हुंदके देऊन. मारलेलं आठवून नाही रडले, बाई. त्या टिचकीसाठी रडले. तुम्ही "असू दे, गेले बिचारे" म्हणाला नाहीत. "सोडून दे" म्हणाला नाहीत. फक्त खुर्ची ओढून माझ्या बाजूला आणून बसलात.

मीच विचारलं, "बाई, तुम्हीच शिकवलंत ना, सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायची?"

तुम्ही म्हणालात, "अगं, ते मी शिकवलं तेव्हा तुम्ही एकमेकींच्या पेन्सिली चोरत होतात."

दोघी हसलो. त्या डिसेंबरातलं माझं ते पहिलं हसू.

जाताना तुम्ही अजून एक गोष्ट सांगितलीत, ती मी अनेकांना सांगितली आहे. चाळीस वर्षं तुम्ही नाताळचं नाटक बसवलंत. मेंढपाळ, देवदूत, तीन मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आणि मग पडदा. (मी दोनदा देवदूत होते, पंख पुठ्ठ्याचे.) पण बायबलात मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी निघून गेल्यावर लगेच हेरोद राजा बेथलेहेमातली लेकरं मारतो, आणि राहेल आपल्या मुलांसाठी रडते, तिचं सांत्वन होत नाही. तिला कुणी गप्प करत नाही, तसंच लिहून ठेवलंय. "तेवढं पान मी दर वर्षी कापलं," तुम्ही म्हणालात. "मुलं लहान आहेत म्हणून. आणि पाहुण्यांना फराळ द्यायचा असतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटी बदलून घेतली आणि 23 ला तुमच्याबरोबर न जाता तुमच्या मागून नगरला आले. शिरूर, सुपा, केडगाव, माळीवाडा स्टँड. एसटीत उलटी होईल असं वाटत होतं. संध्याकाळी तुमच्या पडवीत पाच खुर्च्या मांडलेल्या. तुमच्या पुतण्याने तुम्हाला सांगितलं होतं की परदेशात काही चर्चांमध्ये 21 डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, ज्यांना सण साजरा करवत नाही त्यांच्यासाठी वेगळी उपासना असते. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे समितीत ठराव व्हायला पुढचा ईस्टर येईल, तेव्हा पडवीच बरी. मी, आई, कोविडमध्ये दोन भाऊ गेलेले एक काका, आणि एक मुलगी, जिची गोष्ट सांगायचा मला हक्क नाही. पाचव्या तुम्ही. एक मेणबत्ती. तुम्ही तोच उतारा वाचलात, राहेलचा, आणि पुस्तक मिटलंत. गाणं नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचाच आवाज. मग आई म्हणाली, "मला त्यांची आठवण येते. आणि ते नाहीत म्हणून रात्री गाढ झोप लागते." एवढंच. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसाराबद्दल ती माझ्यासमोर पहिल्यांदाच काही बोलली.

24 ला तुम्ही सकाळीच येऊन आईला विचारलंत, "वहिनी, पोरं रात्री येऊ देत की तुमचं दार सोडून पुढे जाऊ देत?" तीन वर्षं कुणीच हे विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षी न विचारता आले होते, नंतर न विचारता टाळलं होतं. आई म्हणाली, "येऊ देत. ढोलकी नको." रात्री पावणेदोनला पोरं आली, नुसते टाळ घेऊन. ढोलकीवाला मुलगा फाटकाबाहेर थांबला, ढोलकी पाठीवर टाकून. चहा करायला आई उठणार, तेवढ्यात तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खुर्चीत बसवलंत आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेलात. साखरेचा डबा कुठे आहे ते विचारलंही नाहीत. आईने आपल्याच दारात बसून कॅरल ऐकलं, हातात कप घेऊन. तिचा खोटा दात दिव्यात जरा जास्तच पांढरा दिसतो.

सगळं ठीक झालंय असं लिहिलं तर तुम्ही लाल पेनाने खूण कराल. यंदाही पंधरा तारखेला पोटात गोळा आलाच. फरक इतकाच की यंदा मी रजा मागितली आणि कारण खरं सांगितलं. "मी काही त्यातली तज्ज्ञ नाही, तुझ्या दवाखान्यात असेल ना कुणी," असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. मी फेब्रुवारीपासून समुपदेशनाला जाते. (हे वाचणाऱ्या कुणाला असं जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.) क्षमेचं अजून काही ठरलेलं नाही. तुम्हालाही ती दिली की नाही, ते मला नीट सांगता येणार नाही. पण डबा परत करायला मी स्वतः येते आहे.

पपांची ढोलकी कपाटावरून काढली. एका बाजूचं पान उंदरांनी कुरतडलंय. आई म्हणते, मढवून घे. मी अजून घेतली नाही.

डब्यात नानकटाई आहे. परवा बेकरीत नंबर लावला होता, अडीच तास बसले. हे पत्र घडी करून सगळ्यात वर ठेवते आहे, तुपाचे डाग पडतील, सांभाळून घ्या.

तुमची,
पुठ्ठ्याच्या पंखांची देवदूत