पाण्यातून बाबांना नेणाऱ्या हातांचे आभार

2018 च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, त्याच दिवसांत आमचे बाबा वारले. वीज नाही, फोन बंद पडलेले. गल्लीत मांडीभर पाणी, त्यामुळे शववाहिका नाक्यावरच अडली. घरात मी, आई आणि शवपेटी. नातेवाईक पोहोचणार तरी कसे?

फादरांना निरोप कोणी दिला, ते आजही कळलेलं नाही. तासाभरात आपल्या धर्मग्रामातले, म्हणजे आपल्याच चर्चचे, सात-आठ जण दारात उभे. दोघांना मी रविवारच्या मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, मागच्या बाकावर पाहिलं होतं, बाकीचे अनोळखी. त्यांनी पेटी खांद्यावर उचलली. एक जण काठीने पुढचं गटार चाचपत चालला. आईला चालवेना, तर दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. ती ओरडत होती, "अरे, मला सोडा, त्यांना सांभाळा!"

पुरण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी भरत होतं. मिस्सा संपेपर्यंत दोघं बाहेर बादल्यांनी ते उपसत राहिले, म्हणजे त्यांची मिस्सा दफनभूमीतच झाली.

विधीनंतर एका सिस्टरांनी स्टोव्हवर पाणी गरम करून आणलं, खाली बसून आईच्या पायांचा चिखल धुतला आणि आपल्याच शालीने पाय पुसले. पवित्र गुरुवारी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये पाय धुण्याचा हा विधी दरवर्षी पाहतो. त्या दिवशी मात्र मला बघवेना.

बाबांना जाऊन महिना झाला, त्या मिस्सेला तुम्हाला शोधलं. एक जण सापडला, पण नाव सांगेना. ती शाल अजून आमच्याकडेच आहे, सिस्टर. आई ती धुऊन, घडी करून ठेवते.