चारिझार्डचा भाव आणि चारिझार्डचा डेक

महोदय,

पोकेमॉन कार्डांच्या वाढत्या भावांविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. संग्राहकांची चढाओढ आणि बनावट कार्डांचा सुळसुळाट यांविषयी त्यात दिलेली माहिती उपयुक्त आहे. परंतु ज्याच्याकडे महागडी कार्डे असतील तोच स्पर्धेत जिंकतो, असा जो सूर लेखात लागला आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही. मी संख्याशास्त्राचा निवृत्त शिक्षक असून नातवामुळे या खेळाच्या नादी लागलो आहे, म्हणून लेखात ज्याच्या किमतीचा उल्लेख आहे त्याच चारिझार्ड नावाच्या पोकेमॉनचे (खेळातल्या काल्पनिक प्राण्याचे) उदाहरण घेऊन चार शब्द लिहितो.

‘ऑब्सिडियन फ्लेम्स’ या ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या संचात ‘चारिझार्ड ईएक्स’ (ईएक्स म्हणजे पोकेमॉनचे अधिक बलवान रूप) हे कार्ड चार वेगवेगळ्या छपायांत आहे. साधी छपाई आणि विशेष चित्राची छपाई यांच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण कार्डावरचा मजकूर अक्षरशः एकच असल्याने खेळात दोन्हींचे बळ सारखेच. तेव्हा भाव पडतो तो चित्राला आणि दुर्मिळतेला. स्पर्धेत मोल आहे ते त्याच्याभोवती उरलेली कार्डे कशी रचली आहेत याला.

आपल्या नेहमीच्या पत्त्यांत कॅट सर्वांचा एकच असतो. येथे प्रत्येक खेळाडू ६० कार्डांचा स्वतःचा डेक बांधून आणतो आणि, हल्ल्यांना बळ पुरवणारी मूळ एनर्जी कार्डे सोडली तर, एका नावाची ४ पेक्षा जास्त कार्डे त्यात चालत नाहीत. सुरुवातीला ७ कार्डे हातात येतात, ६ कार्डे बक्षीस म्हणून पालथी बाजूला ठेवली जातात, प्रतिस्पर्ध्याचा साधा पोकेमॉन बाद केला की त्यांतले एक आणि ईएक्स बाद केला की दोन उचलायची, आणि सहाही उचलणारा सहसा जिंकतो.

चारिझार्ड थेट मैदानात उतरत नाही. आधी त्याचे पहिले रूप असलेला चारमँडर मांडावा लागतो आणि पुढच्या फेरीत ‘रेअर कँडी’ हे कार्ड वापरून, मधली पायरी ओलांडून, थेट चारिझार्डवर जाता येते. आता ६० पैकी ४ चारमँडर असताना पहिल्या ७ कार्डांत निदान एक येण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के भरते. म्हणूनच डेकमधून छोटे पोकेमॉन शोधून मांडणारी ‘बडी-बडी पॉफिन’ची ४ कार्डे सोबत घेतात, त्यामुळे उपयोगी कार्डे ८ होतात आणि शक्यता ६५ टक्क्यांवर जाते. डेकमध्ये ज्याची एकच प्रत आहे असे कार्ड नेमके बक्षिसांत अडकण्याची शक्यता १० टक्के असते, ही गोष्टही डेक बांधताना विसरून चालत नाही. हे गणित अकरावीतला विद्यार्थी सहज करील, आणि डेकमध्ये कोणते कार्ड किती घ्यायचे हे याच गणितावर ठरते, पाकिटातल्या पैशांवर नव्हे.

या डेकची खरी गंमत मात्र पुढे आहे. चारिझार्डचा हल्ला १८० चा, म्हणजे समोरच्या पोकेमॉनची ताकद तितक्या अंकांनी घटते, आणि प्रतिस्पर्ध्याने उचललेल्या प्रत्येक बक्षिसामागे त्यात ३० ची भर पडते. म्हणजे आपण मागे पडू तसा तो अधिक जोरात मारतो. सुरुवातीला १८० मध्ये मोठे पोकेमॉन एका फटक्यात पडत नाहीत, हा त्याचा उणेपणा. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डस्कनॉयर’ हे कार्ड आले आणि हा उणेपणा भरून निघाला. डस्कनॉयर स्वतःला बाद करून घेऊन समोरच्या एका पोकेमॉनला १३० चा घाव घालतो, आणि त्याबदल्यात प्रतिस्पर्ध्याला एक बक्षीस मिळते. वरकरणी हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण त्या एका बक्षिसामुळे चारिझार्डचा हल्ला २१० चा होतो, २१० आणि १३० मिळून ३४० भरतात, आणि समोरचा ३३० ताकदीचा चारिझार्डसुद्धा त्याच फेरीत कोसळतो.

हे बक्षीस फुकटात गेले का, तर मोजून पाहावे. आपल्या बाजूने सगळे ईएक्सच पुढे आले असे धरले, तर ६ बक्षिसांसाठी प्रतिस्पर्ध्याला तीन ईएक्स पाडावे लागतात. एक बक्षीस आपण होऊन दिल्यावर पाच उरतात, त्यांनाही तीनदाच बाद करावे लागते. दुसरेही दिले की चार उरतात आणि दोनच ईएक्स पाडून त्याचे काम होते. पहिले दान जवळजवळ मोफत, दुसरे महाग! असा हिशेब मला ब्रिजमध्येही क्वचितच इतका स्वच्छ सापडला आहे.

खेळाच्या शेवटी ‘आयोनो’ हे कार्ड टाकले की दोघांचेही हातातले पत्ते डेकच्या तळाशी जातात आणि ज्याची जितकी बक्षिसे उरली असतील तितकीच कार्डे त्याला उचलता येतात. एकच बक्षीस उरलेला प्रतिस्पर्धी एका कार्डावर येतो; आपल्याकडे मात्र ‘पिजॉट ईएक्स’ असल्यास प्रत्येक फेरीत डेकमधले हवे ते कार्ड हाती घेता येते. पिछाडीवरून डाव फिरवणे हे या डेकचे अंगच आहे.

दोष नाहीत असे नाही. चारिझार्ड, पिजॉट आणि डस्कनॉयर अशी पायरीपायरीने वाढणारी तीन कुळे चारच रेअर कँडींवर हक्क सांगतात, त्यामुळे हात अडला की अडतो. शिवाय चारिझार्ड आणि पिजॉट या दोघांची मदार त्यांच्या विशेष क्षमतांवर आहे. ‘आयर्न थॉर्न्स ईएक्स’ हा पोकेमॉन पुढे उभा असेपर्यंत दोघांच्याही क्षमता बंद पडतात, आणि होनोलुलूत २०२४ ची जागतिक स्पर्धा चिलीच्या फर्नांडो सिफुएन्तेस यांनी जिंकली ती आयर्न थॉर्न्सच्याच डेकवर. बाजारभावाच्या लेखांत ज्याचे नाव सहसा येत नाही, असे ते कार्ड.

आपल्या पुरवणीत बुद्धिबळाच्या डावांना जागा मिळते, तशी एखाद्या डेकच्या रचनेलाही अधूनमधून मिळावी, एवढीच विनंती. नातू डेकमध्ये दोन डस्कनॉयर ठेवावेत म्हणतो, मी एकावर अडून बसलो आहे. जाणकार वाचकांचे मत छापल्यास आमचा वाद मिटेल.

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली