वाळवंटात घर घेताना आधी पाण्याची चौकशी करावी

संपादक महोदय,

अ‍ॅरिझोनात फिनिक्सच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक होणारी मराठी कुटुंबे घर पाहताना शाळा, रस्ते आणि हप्ता यांची कसून चौकशी करतात, पण पाणी गृहीत धरतात, याची मला काळजी वाटते. तेथील १९८० च्या भूजल कायद्यानुसार नियंत्रित क्षेत्रांत सहा किंवा अधिक भूखंड पाडणाऱ्या विकसकाला १०० वर्षांच्या पाणीपुरवठ्याची हमी दाखवावी लागते. मात्र पाच किंवा त्याहून कमी भूखंड पाडले की ही अट लागूच होत नाही. रिओ व्हर्दे फूटहिल्स ही वस्ती याच पळवाटेतून वाढली. १ जानेवारी २०२३ पासून शेजारच्या स्कॉट्सडेल शहराने टँकरला पाणी देणे बंद केले, तेव्हा तेथील काही रहिवाशांना शौचालयासाठी पावसाचे पाणी साठवावे लागले. ती घरे काही स्वस्तातली नव्हती.

घराजवळून कोरडा ओढा जात असेल तर पुराचा नकाशाही पाहावा, कारण साध्या गृहविम्यात पुराची भरपाई मिळत नाही. पाणी नेमके कुठून येते आणि विहीर असल्यास ती किती खोल आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय कोणीही इसार देऊ नये.

– एक वाचक